मॉडेल रेल्वेच्या वेदरिंगसाठी परवडणारा एअरब्रश आणि कॉम्प्रेसर: कोणता घ्यावा?

एअरब्रशचा विषय निघाला की बोलणं लगेच केसाइतकी बारीक रेघ कोणता ब्रश मारतो, यावर येतं. वेदरिंगला, म्हणजे मॉडेल वापरून जुनं-मळकं झाल्यासारखं रंगवायला, ती रेघ फारशी लागत नाही. १:८७ प्रमाणातल्या वाघिणीवर (मालडब्यावर) बोल्टखालून ओघळलेला गंज अर्ध्या मिलिमीटरहून अरुंद असतो. तो तैलरंगाने आणि बारीक कुंचल्यानेच चांगला उतरतो. एअरब्रशच्या वाट्याला पसरट कामं येतात: चाकांच्या चौकटीवर रुळांची धूळ, डब्याच्या टोकांना उडालेला चिखल, छपरावर काजळी, बाजूंना उन्हाने विटल्यासारखा फिकट थर. सगळे रंग मॅट, मळक्या पाण्याइतके पातळ. दर डब्याला एका रंगाचे दहा-पंधरा थेंब पुरतात आणि एका बैठकीत चार-पाच रंग बदलावे लागतात.

शिवाय वेदरिंग सगळ्यात शेवटी होतं. अक्षरं, क्रमांक, काचा सगळं लागलेल्या मॉडेलवर आपण फवारत असतो. ब्रश एकदा थुंकला आणि मळकट काळा ठिपका क्रमांकावर बसला, की तो पुसताना क्रमांकही निघतो. म्हणून खाली जे पर्याय तोलले आहेत, ते मुख्यतः दोन प्रश्नांवर: ब्रश किती वेळा थुंकतो, आणि दोन रंगांच्या मध्ये तो किती लवकर धुऊन होतो.

एअरब्रश

परवडणाऱ्या पट्ट्यात साधारण तीन जाती समोर येतात.

पहिली, सिंगल अ‍ॅक्शन, म्हणजे खटका दाबला की हवा आणि रंग एकदमच सोडणारा, बाटलीतून रंग ओढणारा, हवा आणि रंग बाहेर मिसळणारा ब्रश. बॅजर ३५० आणि पाश एच ही याची जुनी, माहीत असलेली उदाहरणं. धुण्यात याला तोड नाही. रंग ब्रशच्या अंगात शिरतच नाही, त्यामुळे बाटली काढून स्वच्छ थिनरची बाटली लावली आणि दहा सेकंद फवारलं की झालं. चार रंगांच्या चार बाटल्या तयार ठेवता येतात. पूर्ण डबा एका रंगात रंगवायचा असेल तर मी आजही हाच ब्रश सुचवेन.

वेदरिंगला मात्र दोन अडचणी येतात. रंग वर ओढायला याला २५ ते ३० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड, दाबाचं माप) दाब लागतो. इतक्या दाबाने पाण्यासारखा रंग जवळून मारला की तो पृष्ठभागावर ढकलला जातो आणि कोळ्याच्या पायांसारख्या रेषा पसरतात. दुसरी अडचण खटक्याची आहे. हवा आणि रंग एकदमच सुटतात. आधी नुसती हवा, मग थोडा रंग, मग पुन्हा नुसती हवा हा क्रम इथे शक्य नाही, आणि थुंकण्यावर सर्वांत खात्रीचा उपाय तोच आहे. बाटलीच्या तळाशी राहणारा रंग वाया जातो, ते वेगळंच. दहा-पंधरा थेंबांसाठी छोटा धातूचा कप लावता येत असेल तर तो जरूर घ्या.

दुसरी जात सर्वाधिक विकली जाणारी: डबल अ‍ॅक्शन, म्हणजे खटका दाबून हवा आणि मागे ओढून रंग सोडणारा, वर कप असलेला, ०.३ मिलिमीटर नोझलचा ब्रश. बऱ्याच संचांत ०.२, ०.३ आणि ०.५ अशी तीन नोझलं आणि तीन सुया येतात. फवारा सुंदर पडतो, १५ पीएसआयवरही धुकं एकसारखं राहतं. नवा ब्रश हातात घेतल्यावर तक्रारीला जागा नसते. खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या रंगाला सुरू होते.

याचं नोझल तांदळाच्या दाण्याएवढं असतं आणि ते आट्यांवर बसतं. काढायला छोटा पाना लागतो. मॅट रंगात चमक मारण्यासाठी बारीक पूड मिसळलेली असते. ती पूड आणि ॲक्रिलिकचं सुकणं मिळून नोझलच्या आत, सुईच्या टोकापाशी कडं धरतं. कपात थिनर ओतून फवारल्याने ते कडं पूर्ण निघत नाही. नोझल काढून आतून पुसावंच लागतं. काढण्याआधी सुई मागे ओढायची, मग पाना लावायचा, परत बसवताना बोटाने घट्ट झाल्यावर पान्याने जेमतेम पाव वळण. जरा जास्त पिळलं की नोझलची मान तुटते आणि आट्यांचा तुकडा ब्रशच्या अंगातच राहतो. जरा सैल राहिलं की हवा मागे शिरते, कपात बुडबुडे येतात आणि फवारा धडधडतो. आट्यांना मधमाशीच्या मेणाचा पुसट हात लावला तर ही गळती थांबते, पण प्रत्येक सफाईनंतर ते पुन्हा करावं लागतं.

माझा निर्णय ज्यावर झाला, ती कटकट हीच. नुसता वेळ जातो एवढंच नाही. काम जिकिरीचं असलं की माणूस ते टाळतो. काळ्यावरून फिक्या धुळीच्या रंगावर जाताना नोझल न काढता नुसतं थिनर मारलं जातं, कडं तसंच राहतं, आणि पुढच्या फवाऱ्यात ते तुटून मॉडेलवर येतं. म्हणजे ब्रश थुंकतो त्याचं मूळ बऱ्याचदा नोझल काढायच्या कंटाळ्यात असतं. ज्यांच्या हाताला घड्याळजीची शिस्त आहे त्यांना ही अडचण वाटणारही नाही, हे मान्य.

या जातीतल्या स्वस्त नकलांबद्दल आणखी एक. आतल्या गोल रिंगा साध्या रबराच्या असतील तर लॅकर थिनरने फुगतात आणि खटका जड होतो. पीटीएफईच्या, म्हणजे टेफ्लॉनच्या, रिंगा आहेत का, हे विचारून घ्या.

तिसरी जात म्हणजे डबल अ‍ॅक्शन, वर कप, पण नोझल मोठं किंवा बिनआट्याचं. बॅजर पॅट्रियट १०५ चं नोझल ०.५ मिलिमीटरचं आहे आणि पुढचा भाग हाताने उघडतो. हार्डर अँड स्टीनबेकच्या इव्होल्यूशनमध्ये नोझल नुसतं जागेवर बसतं आणि पुढच्या टोपीने धरलं जातं, पाना लागत नाही. तो किमतीत वरच्या पायरीवर आहे, त्यामुळे परवडण्याच्या चर्चेत पॅट्रियटसारखा ब्रशच जास्त बसतो.

०.५ चं नाव ऐकून पुष्कळजण बिचकतात. जाड फवारा पडेल, असं वाटतं. पण फवाऱ्याची रुंदी नोझलइतकीच रंगाच्या पातळपणावर, दाबावर आणि खटका किती मागे ओढला यावर ठरते. एक भाग रंगाला तीन-चार भाग थिनर, १२ ते १५ पीएसआय, मॉडेलपासून ६ ते ८ सेंटीमीटर अंतर, आणि खटका केसभर मागे: एवढ्यात वाघिणीच्या खालच्या कडेला बोटभर रुंदीची धूळ व्यवस्थित बसते. मॅट रंगाची पूड मोठ्या नोझलमधून अडकत नाही. रंग बदलताना पुढचा भाग उघडायचा, थिनरमध्ये भिजवलेली कापसाची काडी आतून फिरवायची, सुई पुसायची, पुन्हा लावायचं. दीड-दोन मिनिटांचं काम, आणि सोपं असल्यामुळे ते दर वेळी होतं.

उणीव अशी की बोट घसरलं तर ०.५ मधून रंगाचा लोंढा येतो. खटक्यामागे सुई रोखणारा स्क्रू असलेलं मॉडेल मिळालं तर सुरुवातीला तो आवळून ठेवावा. आणि बॅजरच्या ब्रशला हवेच्या नळीचे आटे वेगळे असतात. नेहमीच्या १/८ बीएसपी (ब्रिटिश मापाच्या आट्यांच्या) नळीवर लावायला जोडणी सोबतच मागवा, नाहीतर ब्रश येऊनही काम अडतं.

१:१६० या आणखी लहान प्रमाणात काम करणाऱ्यांसाठी माझं मत बदलतं. तिथे वाघीण बोटाएवढी असते आणि ०.५ च्या फवाऱ्याचे कण डोळ्याला दिसू लागतात. ०.३ किंवा ०.३५ घ्या, नोझलची कटकट सोसा, आणि एक जादा नोझल आधीच आणून ठेवा.

कॉम्प्रेसर

ब्रशच्या मुठीलाच लावायचा रिचार्जेबल पंप पटकन निकालात काढता येईल. जागा लागत नाही, आवाज कमी असतो. पण त्याचा भार मनगटावर येतो, दाब बारकाईने ठरवता येत नाही आणि हवा थांबून पुन्हा सुरू होताना पहिला फवारा डळमळतो. वेदरिंगमध्ये आपण सारखं थांबत-सुरू करत असतो, म्हणजे प्रत्येक वेळी तो डळमळता क्षण वाट्याला येतो. एखादा डबा, तोही कधीतरी, एवढंच काम असेल तर चालेल.

बिनटाकीचा टेबलावरचा कॉम्प्रेसर आणि ३ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर यांत खरी निवड आहे. दोन्हींचा पिस्टन पंप बहुधा सारखाच असतो, १/६ अश्वशक्तीचा, मिनिटाला वीसेक लिटर हवा देणारा. फरक टाकीचा.

टाकी म्हणजे मोठा साठा, असा समज असतो. हिशोब वेगळा सांगतो. मोटर साधारण ३ बारला (१ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय) सुरू होते आणि ४ बारला थांबते. ३ लिटरच्या टाकीत या दोन आकड्यांमध्ये मावते ती साधी ३ लिटर मोकळी हवा. सलग फवारलं तर ती अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. टाकीचा खरा उपयोग गादीसारखा आहे. पिस्टनचे ठोके टाकीत विरतात आणि नळीत सपाट दाब येतो. बिनटाकीच्या पंपावर १२ पीएसआयला ते ठोके फवाऱ्यात जाणवतात आणि पातळ रंगाच्या पट्ट्यात गडद-फिक्या लाटा उमटतात.

दुसरा फायदा पाण्याचा. सतत चालणारा पंप तापतो, तापलेली हवा ओलावा घेऊन जाते, मॉइश्चर ट्रॅपच्या (हवेतलं पाणी अडवणाऱ्या भांड्याच्या) पुढे नळीत थंड होते आणि पाणी तिथे सुटतं. मग पावसाळी हवेत अर्ध्या तासाने काजळीच्या फवाऱ्यातून पाण्याचा थेंब छपरावर येतो. टाकीत हवा टेकते, निवते, पाणी तळाशी राहतं. काम झाल्यावर तळाचा स्क्रू सोडून ते काढून टाकायचं. बिनटाकीचा पंप आधीच घेतला असेल तर ३ मीटर लांब नळी आणि ब्रशच्या बुडाशी दुसरा छोटा ट्रॅप लावा. बराच फरक पडतो.

टाकीवाल्याची गैरसोय वजनाची आणि जागेची. मोटर मध्येच सुरू होते तेव्हा दचकायला होतं, पण डबा फिरवून बघेपर्यंत ती पुन्हा गप्प होते. बिनटाकीचा साधा पंप मात्र पूर्ण वेळ घरघरतो. दाब लावताना दाबमापकाचा काटा खटका दाबलेला असताना वाचा. खटका सोडला की काटा दोन-चार पीएसआय वर चढतो आणि १५ समजून आपण प्रत्यक्षात ११ वर मारत असतो.

पैसे मोजकेच असतील तर माझा कल आधी टाकीचा कॉम्प्रेसर आणि त्यावर जमेल तो ब्रश, असा आहे. ब्रश पुढे बदलता येतो, दोनही ठेवता येतात. बिनटाकीचा पंप बदलायची वेळ आली की तो पुन्हा पूर्ण खर्च. ब्रश ठरवताना सुटं नोझल आणि सुई मिळते का, हे किमतीच्या आधी बघा. वाकलेली सुई फवारा एका बाजूला नेते आणि ती कधीतरी वाकणारच.

दोन्ही घेतल्यावर पहिली सवय लावायची ती कागदाची. मॉडेलच्या शेजारी कागद ठेवून फवारा त्यावर सुरू करायचा, चालत्या हाताने मॉडेलवरून न्यायचा आणि पलीकडे कागदावरच संपवायचा. सुरू करताना आधी हवा, थांबताना आधी रंग बंद. सुईच्या टोकावर रंग सुकलेला दिसला की थिनरच्या काडीने टिपायचा, सुमारे दर दोन मिनिटांनी. टामिया कंपनीच्या ॲक्रिलिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. वालेहो कंपनीच्या रंगाला त्याचंच थिनर वापरा, अल्कोहोलने तो रंग फाटतो आणि गुठळ्या नोझलमध्ये बसतात. इंजिनाची चाकं फवारताना त्याला वीज देऊन चाकं फिरती ठेवा, म्हणजे दांड्यांमागे स्वच्छ ठिपके राहत नाहीत, आणि रंग सुकायच्या आत चाकांच्या रुळावर टेकणाऱ्या कडा व वीज घेणाऱ्या पट्ट्या थिनरने पुसून घ्या.