‘सीएफ८’च्या पुढे ठोकलेला ‘एम’

१,०९,७४० रुपये गेले. चार इंची दोन बास्केट स्ट्रेनर, म्हणजे पाइपलाइनमधला कचरा अडवणाऱ्या जाळीच्या गाळण्या, नग ४६,५००चा, वर १८ टक्के जीएसटी. निम्मे ऑर्डरसोबत, निम्मे डिस्पॅचआधी.

मागवलं होतं ३१६ स्टील, जाळी ४० मेश, म्हणजे एका इंचात ४० तारा. गरम खाऱ्या पाण्याच्या लाइनवर ३०४ टिकत नाही हे या धंद्यात कुणाला सांगायला नको. हातात पडलं ३०४, आणि जाळी २० मेश.

माल उतरवतानाच कळायला हवं होतं. बॉडीवर ‘सीएफ८’ ओतकामातच उठावदार आलेलं, पुढचा ‘एम’ मात्र पंचाने ठोकलेला, खोल आणि तिरका. ‘सीएफ८’ म्हणजे ओतीव ३०४, ‘सीएफ८एम’ म्हणजे ३१६. त्या एका अक्षरात गंज रोखणारं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं! विकणाऱ्याला फोन केला तर, "साहेब, पॅटर्न (ओतकामाचा नमुना) जुना आहे." मी मानलं. लाइन बंद ठेवून काम करायचं शटडाऊन चार दिवसांवर होतं, मालाच्या सर्टिफिकेटवर मॉलिब्डेनम २.१ छापलेलं होतं. पण त्यावरचा हीट नंबर, म्हणजे ओतलेल्या धातूच्या खेपेचा क्रमांक, बॉडीवर कुठेच नव्हता. चुंबकाने ३०४ आणि ३१६ वेगळं कळत नाही. मोली टेस्टचे, म्हणजे मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या रसायनाचे, दोन थेंब टाकायला हवे होते.

पहिले दहा दिवस स्ट्रेनरच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रेशर गेजमधला फरक वाढलाच नाही, तेव्हा बरं वाटलं. कचरा अडत असेल तर फरक वाढणारच ना! ४० मेशचं भोक साधारण ०.४ मिमी, २०चं दुप्पट. शिवाय बास्केटची कड सीटवर बसत नव्हती, कण बाजूनेच पुढे पंपात जात होते. पंपाचं मेकॅनिकल सील गेलं, आणखी ३१,५००. जाळीच्या तारा एका इंचात मोजून घ्या; पट्टी आणि टॉर्च पुरते.

चौकीत म्हणाले, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर म्हणाले, माल मिळालाय ना, मग सायबर फसवणूक कसली? ग्राहक आयोगाकडे विचारलं, तर खरेदी धंद्यासाठी, म्हणून मी ग्राहकच नाही. बिलावरच्या जीएसटी नंबरची नोंदणी रद्द झालेली, त्यावर १६,७४० कर उकळला, तरी "लेखी अर्ज द्या". त्या अर्जाची पोच मिळवायला तीन खेपा! लॅबचा रिपोर्ट आणि त्या ‘एम’चा फोटो समोर ठेवला, कुणी मान वर करून पाहिलं नाही. खोटा ग्रेड ठोकून माल विकणं गुन्हा नाही तर काय आहे?

विकणाऱ्याचा जीएसटी नंबर पैसे देण्याआधी जीएसटी पोर्टलवर टाका, फुकट आहे. उरलेले निम्मे पैसे पीएमआय टेस्ट (यंत्राने धातूतले घटक तपासणं) झाल्याशिवाय सोडू नका, शटडाऊन पुढे गेलं तरी चालेल. दोन्ही स्ट्रेनर मी भंगारात दिलेले नाहीत. पंचनामा होईल तेव्हा तो ‘एम’ दाखवायचा आहे.