छाटणीपासून खुडणीपर्यंत ऐकलेलं ‘हॉबिट’

ऑक्टोबरात द्राक्षबागेची गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) उरकली, कोंब फुटायची पेस्ट लावून मजूर गेले आणि त्याच रात्री मी ‘द हॉबिट’ या टॉल्किनच्या इंग्रजी कादंबरीचं ऑडिओबुक फोनवर उतरवून घेतलं. फेब्रुवारीत पहिला माल निघाला तेव्हा तिसऱ्यांदा ऐकत होते. पाच महिन्यांनी लिहितेय, म्हणून जरा लांबेल.

मी मराठी माध्यमाची. हे पुस्तक लहानपणी हाती आलंच नाही आणि आता चाळिशीत पुस्तक घेऊन बसायला बाग सवड देत नाही. आमची बाग नाशिकजवळ मखमलाबादला. विरळणीच्या, म्हणजे घडातले जादा मणी काढायच्या दिवसांत दोन्ही हात घडात अडकलेले असतात, कान मात्र रिकामे. त्या रिकाम्या कानांत ही गोष्ट बसली.

मी घेतलेलं वाचन अँडी सर्किसचं, साधारण साडेदहा तासांचं. सिनेमात या गोष्टीतला गॉलम झालेला तो हाच. २०२० च्या मे महिन्यात, सगळं बंद असताना, त्याने हे पुस्तक एका दिवसात, सुमारे १२ तास सलग वाचून धर्मादाय कामासाठी निधी उभा केला होता. पुढे त्याच वर्षी हे रेकॉर्डिंग आलं. पहिली दोन प्रकरणं मी वेग कमी करून ऐकली, कारण ड्रॅगनने बळकावलेला खजिना परत मिळवायला निघालेले १३ बुटके गोष्टीचा नायक बिल्बो या ठेंगण्या हॉबिटच्या दारात एकामागून एक येतात आणि सगळे एकदम बोलायला लागतात. पण डोरी, नोरी, ओरी, फिली, किली, ओइन, ग्लोइन ही नावं कानाला यमकासारखी लागतात. कागदावर पाहिली असती तर गोंधळले असते, ऐकून पाठ झाली. तिसऱ्या प्रकरणापासून वेग नेहमीचा.

टॉल्किनने ही गोष्ट आधी स्वतःच्या मुलांना ऐकवली आणि १९३७ मध्ये ती छापून आली. ऐकताना ते पदोपदी जाणवतं. निवेदक मधेच थांबून आपल्याशी बोलतो. बिल्बो संकटात सापडला की त्याला घरची चूल आणि गाऊ लागलेली किटली आठवते, आणि निवेदक सांगतो की असं वाटण्याची ही काही शेवटची वेळ नव्हती. दुसऱ्यांदा ऐकताना मी त्या किटलीची वाट बघत होते.

पाचवं प्रकरण, अंधारातल्या कोड्यांचं, जिथे बिल्बो आणि गुहेत एकटा राहणारा गॉलम एकमेकांना कोडी घालतात, मी सहा-सात वेळा तरी ऐकलं असेल. रोज रात्री जेवताना सासूबाईंना मराठीत गोष्ट सांगायची असा शिरस्ता पडला होता. कुलूप नाही, बिजागरी नाही आणि आत सोनं, हे कोडं मी पुरतं सांगायच्या आत त्या म्हणाल्या, “अंडं!” काळाच्या कोड्याला बिल्बोला उत्तर सुचत नाही. त्याला ‘अजून वेळ दे’ म्हणायचं असतं, घशातून ‘वेळ, वेळ’ एवढंच निघतं, आणि तेच उत्तर असतं. त्याचा घुसमटलेला आवाज कानात ऐकल्यावर मी कात्री खाली ठेवून हसले. मात्र बिल्बोच्या शेवटच्या ‘माझ्या खिशात काय आहे’ या प्रश्नावर सासूबाई अडून बसल्या. “हे कोडं नव्हे, ही फसवणूक.” गॉलमची बाजू घेणारं कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं. मग मी त्यांना सांगितलं, की १९३७ च्या आवृत्तीत हरलेला गॉलम माफी मागून बाहेरची वाट दाखवतो. १९५१ च्या आवृत्तीपासून तो चवताळून मागे लागतो. त्यांना पहिलाच जास्त पटला. मला दुसरा, कारण त्याच्यावर दया दाखवायला बिल्बोला जास्त मोठं मन लागतं.

डिसेंबरच्या शेवटी थंडीची लाट आली. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे आम्ही बागेत शेकोट्या पेटवून बसलो होतो. त्या अंधारात, धुरात मी ड्रॅगनच्या बोगद्यापर्यंत पोचले. बिल्बो एकटा उतरत जातो, पुढे लाल उजेड, घोरण्याचा आवाज, आणि तो थांबतो. तिथून पुढे पाऊल टाकणं हेच त्याने केलेलं सगळ्यात धाडसाचं काम, असं निवेदक सांगतो. ड्रॅगन अजून दिसलेलाही नसतो. ते वाक्य ऐकून मी गोष्ट थांबवली आणि बराच वेळ शेकोटीकडे बघत राहिले.

उणिवाही आहेत. शेवटची लढाई घाईत उरकल्यासारखी वाटते आणि कोण कुठून आलं हे नुसतं ऐकून लक्षात राहत नाही. तिथे मी दोनदा मागे गेले. अख्ख्या गोष्टीत बाईमाणूस जवळपास नाहीच, हे मला खटकलं. सर्किस गाणी चालीत म्हणतो, ती छान, पण ट्रोल, म्हणजे राक्षस, ओरडायला लागले की आवाज एकदम चढतो. अ‍ॅपच्या एका अपडेटनंतर माझ्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या, तेव्हापासून प्रकरणाचा क्रमांक वहीत लिहून ठेवते. बागेत रेंज नसते, म्हणून पूर्ण पुस्तक घरूनच उतरवून न्यावं लागतं.

मागच्या रविवारी सासूबाईंना पाचवं प्रकरण मूळ इंग्रजीत स्पीकरवर लावून दिलं. त्यांना इंग्रजी येत नाही. गॉलमचा आवाज आला तशा त्या पुढे सरकून बसल्या आणि म्हणाल्या, “हाच तो. बघ, एकटा राहून राहून आवाज कसा झालाय बिचाऱ्याचा.”