हाँगकाँग वाटाघाटींच्या फायली: लंडनच्या क्यू अभिलेखागाराची सेवा कशी आहे?

हाँगकाँगच्या भवितव्यावर ब्रिटन आणि चीन यांच्यात १९८२ ते १९८४ दरम्यान जी बोलणी झाली, ती मुळातून वाचायची तर क्यू इथलं ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार गाठावंच. वाचायला पैसे पडत नाहीत, फक्त रीडर्स तिकीट, म्हणजे वाचकाचं ओळखपत्र, लागतं. त्यासाठी नाव आणि पत्त्याचे पुरावे सोबत ठेवा. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल न्या. स्वतःच्या कॅमेऱ्याने फ्लॅशशिवाय फोटो काढता येतात.

बहुतेक जण थेट पंतप्रधान कार्यालयाची मालिका, पीआरईएम १९, मागवतात. ती उत्तम आहेच. तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचरबाईंची पेनाची रेघ पाहा: महत्त्वाच्या मजकुराखाली सरळ, न पटलेल्याखाली नागमोडी. हाँगकाँगच्या 'न्यू टेरिटरीज' या भागाचा चीनकडून घेतलेला ९९ वर्षांचा भाडेपट्टा १९९७ मध्ये संपत होता, आणि वसाहतीची नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन त्यातच होती. तरी बाईंचा हट्ट होता की हाँगकाँग बेट आणि समोरचं कौलून ब्रिटनला कायमचे मिळालेत, जुने करार वैध आहेत. मार्च १९८३ मध्ये त्यांनी चीनचे पंतप्रधान चाओ त्सियांग यांना पत्र लिहून सार्वभौमत्व चीनला देण्याची सशर्त तयारी दाखवली, तेव्हा कोंडी फुटली आणि जुलैपासून औपचारिक फेऱ्या सुरू झाल्या. त्या एकूण २२ झाल्या.

पण एवढ्यावर थांबलात तर चित्र अर्धवट राहतं. परराष्ट्र खात्याच्या हाँगकाँग विभागाची एफसीओ ४० ही मालिका सोबत मागवाच. पेकिंगहून (आजचं बीजिंग) लंडनला जाणारी तार बहुधा हाँगकाँगच्या गव्हर्नरलाही जायची, त्यामुळे एकच तार दोन-तीन फायलींत सापडते. एका फाईलमधून कागद काढून तिथे 'खात्याने राखून ठेवला' अशी चिठ्ठी असेल, तर तारेचा क्रमांक टिपा आणि दुसऱ्या मालिकेत शोधा. पुष्कळदा तो तिथे खुला असतो. नवा कागद वर लावलेला असतो, म्हणून वाचन तळापासून सुरू करा. कागद बांधणारा टॅग (दोरी) सोडू नका, क्रम बिघडला की पुढच्या वाचकाचं नुकसान होतं.

उणीव एकच, पण मोठी: चीनचे वाटाघाटकार चौ नान किंवा याओ क्वांग काय म्हणाले हे इथे फक्त ब्रिटिश टिपणांतून कळतं. चिनी बाजूची टिपणं इथे नाहीत. सप्टेंबर १९८३ च्या फायली मात्र चुकवू नका: बोलणी अडली, हाँगकाँग डॉलर एका अमेरिकी डॉलरला ९.६ पर्यंत घसरला आणि ऑक्टोबरात तो ७.८ ला बांधावा लागला. बाजाराचा दबाव टेबलावर कसा पोचतो, ते या तारांत तासातासाने दिसतं.

पाचपैकी साडेचार. क्यूला जाणं जमत नसेल तर थॅचर फाउंडेशनच्या संकेतस्थळावर निवडक कागद मोफत आहेत.