जुन्या सिल्वियात वाइडबँड मीटर: वर्षभर वापरल्यानंतर

वाइडबँड मीटर, म्हणजे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण दाखवणारा मीटर, बहुतेक जण बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवायच्या वेळी घेतात. रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) करायचं ठरतं, ट्यूनर सांगतो, मग डाउनपाइपला (टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाइपला) सेन्सर आणि डॅशवर गोल गेज बसतो. माझ्या निसान सिल्वियात (एस१४ पिढी) तो आला तेव्हा बूस्ट वाढवायचा विचारही नव्हता. इतक्या जुन्या इंजिनात पेट्रोल-हवेचं गणित अजून जुळतंय का, एवढंच बघायचं होतं. आता वर्ष होत आलं. माझ्या मते हे यंत्र ट्यूनिंगपेक्षा दुरुस्तीत जास्त कामाला येतं, आणि लोक त्यासाठी ते घेतच नाहीत.

आधी गाडीविषयी. एस१४ आली १९९३ च्या ऑक्टोबरात. टर्बो मॉडेलचं इंजिन एसआर२०डीईटी: १९९८ सीसी, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ८६ मिमी, अॅल्युमिनियमचा ब्लॉक, टायमिंगला बेल्टऐवजी चेन, कागदावर २२० पीएस. इंजिन दणकट आहे. म्हातारं होतं ते त्याच्याभोवतीचं सगळं: रबरी नळ्या, क्लॅम्प, वायरिंग, कनेक्टर, पेट्रोल पंप, कॉइल.

कंपनीने बसवलेला ऑक्सिजन सेन्सर नॅरोबँड असतो. तो शून्य ते एक व्होल्टच्या आत खेळतो आणि १४.७ (एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा) या आदर्श प्रमाणाच्या आसपास एकदम उडी मारतो. म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) की लीन (पेट्रोल कमी) एवढंच सांगतो, किती ते नाही. ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरही त्याचं ऐकतो ते हलक्या पायाने गाडी चालवताना. पाय दाबला, बूस्ट आला की ईसीयू एअरफ्लो मीटरचा (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा घेतो, आपल्या तक्त्यात बघतो आणि तेवढा वेळ इंजेक्टर उघडतो. खरंच तेवढं पेट्रोल पोचलं का, हे विचारायला कोणी नाही. टर्बो इंजिनाला तेव्हा साधारण ११ ते १२ चं प्रमाण लागतं. ते १३ कडे सरकलं की ज्वलनाचं तापमान चढतं, नॉकिंगची (मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याची) शक्यता वाढते आणि पुढे पिस्टनची वेळ येते. यातलं काहीही डॅशवर दिसत नाही. चेक इंजिनचा दिवा शांतच.

माझ्या मीटरला बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर आहे. आज बहुतेक चांगल्या मीटरांना हाच येतो. त्याच्या कनेक्टरमध्ये कॅलिब्रेशनचा रेझिस्टर असतो आणि तो वाचणाऱ्या मीटरला मोकळ्या हवेत पुन्हा पुन्हा कॅलिब्रेट करावं लागत नाही. बसवताना खरं काम एकच: एम१८ × १.५ आट्यांचा बंग (सेन्सर बसवायचं कडं) योग्य जागी वेल्ड करणं. टर्बोपासून निदान ४५ सेंमी पुढे, नाहीतर उष्णतेने सेन्सर लवकर जातो. आणि आडव्या रेषेच्या किमान १० अंश वर, म्हणजे थंड पाइपमध्ये साचलेलं पाणी तापलेल्या सेन्सरवर येत नाही. अर्थिंग ईसीयूच्या अर्थिंगपाशी घ्यावं. बॉडीला कुठेतरी स्क्रूने दिलं तर आकडा किंचित खोटा येतो, आणि तो किंचितपणाच फसवतो. सेन्सर बसवून मीटरची वीज काढून ठेवणं हा सेन्सर मारायचा खात्रीचा उपाय. हीटर बंद असताना काजळी त्यावर बसत राहते.

पहिली गोष्ट त्याने दाखवली ती बूस्ट लीक. बूस्टमध्ये आकडा १० च्या आसपास, टेलपाइप काळा, पिकअप मंद. वरवर बघणारा म्हणेल इंजेक्टर गळतायत. पण एअरफ्लो मीटर असलेल्या गाडीत आधी हवेचा हिशोब बघायचा. मीटरने हवा मोजली, ईसीयूने तेवढं पेट्रोल दिलं आणि वाटेत इंटरकूलरच्या नळीतून हवा निसटली, तर मिश्रण रिचच होणार. तीच गळती थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डवर असेल तर आयडलिंगला उलटं होतं: न मोजलेली हवा आत ओढली जाते आणि इंजिन लीनकडे जातं. गरम इंजिनात ईसीयू नॅरोबँडच्या मदतीने हे सांभाळून घेतो, म्हणून ते सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर बघावं. एकाच मीटरवरून गळती कुठल्या बाजूला आहे याचा अंदाज येतो, हे मला सगळ्यात आवडलं.

मग प्रेशर टेस्ट. टर्बोच्या तोंडाला बूच, काँप्रेसरने नेहमीच्या बूस्टएवढीच हवा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी. त्याआधी वाल्व्ह कव्हरकडून टर्बोच्या अलीकडच्या पाइपला येणारी ब्रीदर नळी बंद करून घ्या, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सीलवर दाब पडतो. फेस आला इंटरकूलरच्या एका क्लॅम्पपाशी आणि बायपास वाल्व्हच्या (पाय सोडल्यावर जादा हवा परत टर्बोच्या अलीकडे वळवणारा) कडक होऊन चिरलेल्या नळीपाशी. दोन्ही बदलल्यावर आकडा ११.३ च्या आसपास स्थिरावला आणि टर्बो लवकर उठू लागला. एक पैशाचं मॉडिफिकेशन न करता.

(जाता जाता: हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ वाल्व्ह या इंजिनावर लावला की दर गिअरला हेच घडतं. मोजलेली हवा बाहेर, पेट्रोल आत, मध्येच फटाके. आवाजाची हौस असेल तर जरूर लावा, पण मग गाडी पेट्रोल पिते म्हणून तक्रार नको.)

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला आकडा ११.३ वरून सुरू व्हायचा आणि ५,५०० आरपीएमनंतर हळूहळू १२.५ कडे चढायचा. गाडी त्या वेळी उलट जास्त मोकळी आणि तरतरीत वाटते, हीच मेख. लीन इंजिन मोडण्याआधी छान चालतं. सुरुवातीपासूनच सगळीकडे लीन असेल तर संशय एअरफ्लो मीटरवर. वर जाताना लीन होत असेल तर पेट्रोल पुरत नाही. फ्युएल फिल्टर बदलला, फरक नाही. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची (पेट्रोलचा दाब ठरवणारा) व्हॅक्यूमची नळी काढून साधारण ३ बार यायला हवं. उभ्या गाडीत येत होतं. बूस्टमध्ये मात्र रेग्युलेटर बूस्टएवढाच दाब वाढवतो आणि तिथे पंप मागे पडत होता. पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टमीटर लावला तर बॅटरीपेक्षा व्होल्टभर कमी. एवढ्या वर्षांची बारीक वायर, काळे पडलेले पिन, दुसरं काय. बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर आणि नवीन रिले दिला, जुनी वायर फक्त रिले चालवायला ठेवली. पंप तोच. आकडा वरपर्यंत सपाट झाला. वाइडबँड नसता तर मी नवा, मोठा पंप घेतला असता आणि तोही त्याच वायरवर उपाशी राहिला असता.

तिसऱ्या प्रसंगात मीटर खोटं बोलला, म्हणजे बोलला खरंच पण अर्थ उलटा निघतो. बूस्टमध्ये क्षणभर गचका आणि आकडा थेट १५-१६. लीन आहे असं समजून इथे पेट्रोल वाढवलं तर प्रकरण बिघडतं. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. मिसफायर झाला की न जळलेला ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर पडतो आणि मीटरला तो लीन दिसतो. चढता आकडा इंधनाचा, उडी मारणारा आकडा ठिणगीचा, असं मी धरून चालतो. प्लगचा गॅप ०.८ मिमीवर आणला, तडे गेलेले कॉइल बदलले, गचके गेले. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टचा गॅस्केट फुटला असेल तरी आयडलिंगला असंच खोटं लीन दिसतं.

मर्यादा नीट समजून घ्या. चारही सिलिंडरचा धूर एकत्र मोजला जातो. एक इंजेक्टर तुंबला असेल आणि बाकीचे ठीक असतील तर सरासरी साळसूद दिसते. त्यासाठी इंजेक्टर (मिनिटाला ३७० सीसीचे) काढून बेंचवर तपासणं आणि प्लगचा रंग बघणं याला पर्याय नाही. नॉकिंग तर हा दाखवतच नाही. ही इंजिनं जपानी प्रीमियम पेट्रोलवर बेतलेली, म्हणजे ९८ ते १०० ऑक्टेन. कमी ऑक्टेनवर ११.५ चा सुंदर आकडा दिसत असतानाही नॉकिंग होऊ शकतं. ईसीयूचं स्वतःचं निदानही अधूनमधून वाचा: बाजूचा स्क्रू फिरवला की दिवा लुकलुकतो, त्यावरून कोड मोजायचा. ५५ म्हणजे सगळं ठीक, ३४ म्हणजे नॉक सेन्सर, १२ म्हणजे एअरफ्लो मीटरचं सर्किट. पण १२ येतो तो सर्किट तुटल्यावर. एअरफ्लो मीटरमधली हवा मोजणारी तार नुसती मळली असेल तर ईसीयूला काही कळत नाही, वाइडबँडला कळतं.

रोजच्या वापरातल्या कटकटी किरकोळ आहेत. रात्री आकडे डोळ्यात येतात, ब्राइटनेस कमी करणारी वायर जोडून घ्या. उतारावर पाय सोडला की आकडा वरच्या टोकाला जाऊन थांबतो. इंजेक्टर बंद असतात, घाबरू नका. चालवताना गेजकडे बघत बसणं धोक्याचं आणि निरुपयोगीही. शून्य ते पाच व्होल्टचं आउटपुट लॅपटॉपच्या लॉगरला द्या, आरपीएम आणि बूस्टसोबत नोंद घ्या आणि घरी बसून वाचा. लॉगिंगचं आउटपुट नसलेला मीटर मी घेणार नाही.

सोबत ऑइल प्रेशर गेज लावणार असाल तर एक खाचखळगा: जपानी इंजिनांच्या ब्लॉकवर १/८ बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे) आटे असतात, इंचाला २८. बाजारातले बरेच सेंडर (दाब मोजणारे सेन्सर) १/८ एनपीटी (अमेरिकन मापाचे), इंचाला २७. सुरुवातीचे दोन-तीन आटे गोडीत जातात, मग जोर लावावा लागतो. तिथे थांबा आणि अॅडॉप्टर आणा. शिवाय जड सेंडर थेट ब्लॉकवर लटकवू नका, कंपनाने पितळी जोड तुटतो. ब्रेडेड नळी देऊन तो बाजूला पक्का बसवा.

बूस्ट अजून कंपनीचाच आहे. आता पंप, नळ्या आणि ठिणगी यांवर भरवसा आला आहे, तेव्हा पुढचं काम कॉम्प्रेशन टेस्ट. चारही सिलिंडर जवळपास सारखे आले तरच ट्यूनरकडे जाईन, आणि जाताना एक जादा सेन्सर घेऊन जाईन. जे मीटर घेताय त्याचा सेन्सर सुटा मिळतो का, हे पैसे देण्याआधी बघा.