ब्रायटन: पॅव्हिलियन की पिअर?

इंग्लंडमधल्या ब्रायटन या किनाऱ्यावरच्या शहरात हातात एकच दुपार असेल तर मी रॉयल पॅव्हिलियन हा जुना राजवाडा निवडेन. बाहेरून घुमट-मिनार पाहून आपण हिंदुस्थानात आहोत असं वाटतं, आत शिरलं की थेट चीन! मेजवानीच्या दालनात छताखालच्या ड्रॅगनच्या पंजात सुमारे एक टनाचं झुंबर लटकतंय. खाली जेवणाऱ्यांना घास कसा उतरत असेल, कोण जाणे. १९१४ ते १९१६ मध्ये इथे जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. दक्षिणेचं दार हिंदुस्थानाने त्याच कृतज्ञतेपोटी दिलेलं. तिकीट मात्र महाग.

पॅलेस पिअर, म्हणजे समुद्रात आत गेलेला करमणुकीचा धक्का, १८९९ चा. पाळणे, जुगाराची यंत्रं, गरम डोनट. फळ्यांच्या फटींतून खाली लाटा दिसतात, तेवढं छान. पोरं बरोबर असतील तर तिकडेच जा. चिप्स सीगलपासून सांभाळा.