युद्ध संपल्यावरची जादू: दोन फाशांच्या नियमांवर खेळ रचताना आलेला अनुभव

टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एकेक पात्र रंगवायचं आणि मिळून गोष्ट पुढे न्यायची, असा जादूचा खेळ रचायचा असेल आणि त्यातलं युद्ध आधीच संपलेलं असेल, तर हिट पॉइंट, म्हणजे पात्र किती मार सोसू शकतं त्याचा आकडा, मोजणारे नियम घेऊ नका. त्यापेक्षा दोन फाशांचा ढाचा घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही हे काम हातात घेतलं, आता संक्रांतही उलटली. बेळगावच्या टिळकवाडीत रविवारी टेबल भरतंय, पोरंटोरं सोडाच, रिटायर्ड माणसंही येतायत. तेव्हा आता मत द्यायला हरकत नाही.

हा ढाचा म्हणजे काय ते आधी सांगतो. २०१० साली व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांचा ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ हा खेळ आला. त्याच्यावर बेतलेल्या खेळांना ‘पॉवर्ड बाय द अपोकॅलिप्स’ म्हणतात, आणि त्या धर्तीवर कुणीही आपला खेळ करू शकतो. साधे सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, त्यात आपल्या पात्राचा त्या कामातला गुण, म्हणजे +१, +२ असा आकडा, मिळवायचा. १० किंवा जास्त आले तर काम फत्ते. ७ ते ९ आले तर काम होतं, पण काहीतरी मोजावं लागतं. ६ किंवा कमी आले तर खेळ चालवणारा अडचण उभी करतो. खास फासे मागवावे लागत नाहीत, गणपत गल्लीत मिळणारे लुडोचे फासे चालतात. बेळगावात बसून खेळणाऱ्याला ही सोय लहान नाही.

आमचा खेळ पंचमहाभूतांचा: प्रत्येक पात्राची जादू एकेका महाभूताची, तेजवाल्याची आगीची, आपवाल्याची पाण्याची, अशी. नदीच्या दोन काठांवर दोन गावं, पाण्यावरून पेटलेलं युद्ध, आणि खेळ सुरू होतो तो तह झाल्यानंतरच्या पहिल्या सुगीला. तेजवाल्यांनी कोठारं जाळली, आपवाल्यांनी विहिरी आटवल्या, पृथ्वीवाल्यांनी शेतांत सुरुंग पेरले. आता हीच माणसं शेजारी राहतात आणि गाव उभं करायला त्यांच्यावाचून चालत नाही.

सुरुवातीला आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या याच जातीच्या, हिट पॉइंटवाल्या प्रसिद्ध खेळाचे नियम घेऊन पाहिले. जानेवारी २०२३ मध्ये त्यांची ५.१ नियमावली क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुली झाली, त्यामुळे वापरायला काही आडकाठी नाही. पण त्यात पाणी निर्माण करण्याचा जो पहिल्या पातळीचा मंत्र आहे, तो म्हटला की १० गॅलन, म्हणजे साधारण ३८ लिटर पाणी तयार. ते आलं कुठून, कुणाचं गेलं, हे विचारायची सोयच नाही. तळघरात अडकलेल्या साहसवीरांना ते ठीक आहे. पाण्यावरून लढलेल्या गावात मात्र हा मंत्र म्हणजे सगळी कथा एका मिनिटात संपवणं. शिवाय प्रत्येकाच्या कागदावर हिट पॉइंट दिसले की हात आपोआप तलवारीकडे जातो. तह मोडायला आमच्या टेबलाला एक रविवारही पुरला नाही.

दोन फाशांच्या ढाच्यात ७ ते ९ या पट्ट्यात खरी मजा आहे. आम्ही तिथं एकच नियम बसवला: जादूनं जे आलं ते दुसऱ्या कुणाचं तरी गेलं, आणि कुणाचं ते टेबलानं ठरवायचं. आपवालीनं शाळेच्या विहिरीला पाणी आणलं. आले ८. पाणी आलं, पण कुणाचं? खानापूरकडचा आमचा एक खेळाडू लगेच म्हणाला, कुंभारवाड्यातल्या ओल्या कौलांतलं. त्याच्या घरी भट्टी होती. कच्चं कौल फार लवकर वाळलं की तडकतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. झालं, पुढचे तीन रविवार त्या तडकलेल्या कौलांवर गेले. कौलं नाहीत म्हणून पावसाआधी छपरं होईनात, छपरं नाहीत म्हणून धान्य भिजलं, धान्य भिजलं म्हणून पलीकडच्या गावाकडे हात पसरावा लागला. एकही तलवार बाहेर न काढता लोक खुर्चीच्या टोकावर बसले होते.

तेजवाल्याचंही तसंच. युद्धात त्याचं काम आगीचा लोळ फेकण्याचं. आता भट्टीला त्याची गरज आहे, आणि भट्टीला लोळ नको, रात्रभर एकसारखी आच हवी. ‘आच सांभाळणं’ ही मूव्ह, म्हणजे नियमात बांधलेली कृती, आम्ही जाळण्यापेक्षा अवघड ठेवली. जाळायला फासे टाकावेच लागत नाहीत, ते नेहमी जमतं. हा बदल मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो, आणि नवा खेळाडू त्यावर हमखास वाद घालतो.

‘ब्लेड्स इन द डार्क’ या दुसऱ्या एका खेळातली चक्रंही आम्ही उचलली. कागदावर गोल काढायचा, भाकरीचे तुकडे पाडावेत तसे त्याचे ४, ६ किंवा ८ भाग करायचे आणि गोष्ट पुढे सरकेल तसा एकेक भाग रंगवायचा. गल्लीचा राग, बांधाची डागडुजी, दुष्काळ, सगळं यात बसतं. याचं खरं मोल कळलं ते सुभेदारकाकांमुळे. काका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. नातवाला सोडायला आले आणि बसले. पृथ्वीवाल्यानं एका फाशात शेत मोकळं केलं, तेव्हा म्हणाले, ‘असं नसतंय गा. पेरायला काय लागतंय? काढताना कळतंय.’ संसदेवरच्या हल्ल्यानंतर, २००१-०२ मध्ये, पश्चिम सीमेवर मोठ्या प्रमाणात सुरुंग पेरले गेले होते आणि ते काढण्याचं काम पुढे कितीतरी काळ चाललं, हे काकांनी शांतपणे सांगितलं. वाळू सरकते, पावसानं जागा बदलते, नकाशा एक सांगतो आणि जमीन दुसरंच. त्याच दिवशी नियम बदलला: सुरुंग पेरायला ४ भागांचं चक्र, काढायला ८ भागांचं. ज्यानं पेरले तो सोबत असेल तरच एका वेळी दोन भाग रंगवता येतात. म्हणजे ज्याला गाव वाळीत टाकू बघतंय, त्यालाच शेतात घेऊन जावं लागतं.

आता तक्रारी. पहिली गणिताची. गुण शून्य असेल तर दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी फक्त ६ मध्ये निर्भेळ यश मिळतं, १५ मध्ये मोजावं लागतं आणि १५ मध्ये फसतं. नवशिक्याला वाटतं आपल्याला काही येतच नाही. आपापल्या महाभूताला +२ द्या. मग १५ निर्भेळ, १५ मोजून आणि फक्त ६ फसलेले, असा हिशेब उलटा होतो. +३ देऊ नका, मधला पट्टा आकसतो आणि त्याच्याबरोबर खेळही.

दुसरी तक्रार अशी की हा ढाचा खेळ चालवणाऱ्याचा घाम काढतो. प्रत्येक ६ ला काहीतरी सुचावं लागतं. दिवसभर ऑफिसात डोकं घालवून आलेल्या माणसानं पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर हे करू नये.

छपाईचं थोडक्यात: प्लेबुक, म्हणजे प्रत्येक पात्राचा गुण आणि मूव्ह लिहिलेला कागद, ए-फोरवर दोन्ही बाजूंनी छापा आणि लॅमिनेट करा. आपल्याकडच्या पावसात साधा कागद टिकत नाही.

सीमाभागात हा खेळ खेळताना एक गोष्ट आधीच ठरवावी लागते. नदीच्या दोन काठांवर दोन गावं म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं ते सांगायला नको. आमच्या टेबलावर कन्नड बोलणाऱ्या अक्का आहेत, निपाणीचा भाऊ आहे, दोन्ही भाषा एकाच वाक्यात चालतात. त्यामुळे दोन्ही गावांत दोन्ही भाषा बोलल्या जातात, हे पहिल्याच पानावर लिहून टाकलं. भांडण पाण्याचं, ते पाण्याचंच राहू दे. जोडीला मधोमध एक फुली मारलेलं कार्ड टेबलावर ठेवतो. ज्याला एखादा प्रसंग झेपत नाही त्यानं त्यावर बोट ठेवायचं, प्रसंग तिथंच सोडायचा, कारण विचारायचं नाही. मला आधी हा प्रकार शहरी नखरा वाटायचा. कोठार जळण्याच्या प्रसंगाला अक्कांनी बोट ठेवलं, त्यानंतर तसं वाटत नाही.

अडलंय ते आकाशापाशी. आपल्या दर्शनांत आकाशाचा गुण शब्द, म्हणून आकाशवाल्याला एखाद्या जागी पूर्वी बोललेलं ऐकू येतं. कोठार जाळायचा हुकूम कुणी दिला, हे गावाला कळायला हवं की नको, यावर खेळ उभा राहतो. पण १० आले की पूर्ण सत्य हातात येतं, पंचायत बसायच्या आधीच निवाडा होतो आणि बाकी चौघं रिकामे बसतात. सध्या असं केलंय: शब्द ऐकू येतात, आवाज ओळखता येत नाही. ‘पहाटेच्या आधी लावा’ एवढंच कळतं. कुणाचा आवाज होता हे जाणून घ्यायचं तर त्या वेळी तिथं असलेल्या कुणाला तरी बोलतं करावं लागतं, आणि ते काम जादूचं नाही. दोन रविवार हे चाललंय, बरं वाटतंय. काका मात्र म्हणतात की हुकूम देणारा कधी त्या जागी नसतोच, तेव्हा पुढच्या आठवड्यात तोही नियम बघावा लागणार.