फोनवरून घरभर नेट : अकरा महिन्यांचा अनुभव, आधी रूट न करता, मग करून

आमचं घर राजापूर तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून आत, उतारावरच्या वाडीत आहे. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, वर कौलं. फायबरची वायर शाळेपर्यंत आली आणि तिथेच थांबली. मी पुण्यातल्या एका सीए ऑफिसचं जीएसटीचं काम घरून करते. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) आणि २० तारखेला ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र). त्या दोन दिवशी नेट गेलं तर विलंब शुल्क क्लायंटच्या माथी बसतं. गेल्या जूनपासून माझा लॅपटॉप, मुलीचा टॅब आणि सासऱ्यांचे संध्याकाळचे व्हिडिओ कॉल हे सगळं फोनच्याच नेटवर चाललंय. त्यात मी एक फोन रूट केला (म्हणजे कंपनीने बंद ठेवलेला फोनच्या सिस्टीमवरचा पूर्ण ताबा मिळवला), एक बॅटरी फुगवून घालवली आणि बरंच काही शिकले. अशाच ठिकाणी राहणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

पहिले दोन महिने सगळे करतात तेच केलं. स्वतःचा फोन टेबलावर ठेवायचा, हॉटस्पॉट लावायचा आणि कामाला बसायचं. अर्ध्या तासात फोन हातात धरवेना इतका तापायचा. एकीकडे तो लांबच्या टॉवरशी बोलतोय, दुसरीकडे वाय-फाय पुरवतोय आणि वर चार्जिंगही चालू आहे, मग तापणारच. माझ्या फोनमध्ये सिम दोन, एक बँकेचं आणि एक नेटचं. बँकेच्या सिमवर कॉल आला की नेटच्या सिमचा डेटा तेवढा वेळ बंद, कारण बहुतेक दोन सिमच्या फोनमध्ये कॉल चालू असताना दुसऱ्या सिमला रेडिओ मिळत नाही. क्लायंटने फोन करून विचारायचं, ‘मॅडम, झालं का अपलोड?’ आणि त्याच फोनमुळे अपलोड अडकायचं. शिवाय मी बाजारात गेले की घरातलं नेटही माझ्याबरोबर बाजारात.

या काळात दोन सेटिंगं सापडली, ती आजही लावलेली आहेत. एक म्हणजे कोणी जोडलेलं नसेल तर थोड्या वेळाने हॉटस्पॉट आपोआप बंद होतो, तो पर्याय हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्येच असतो, तो काढून टाकायचा. दुसरं जास्त महत्त्वाचं. लॅपटॉपवर हे कनेक्शन ‘मीटर्ड’, म्हणजे मोजका डेटा असलेलं, म्हणून नोंदवायचं. मी ते केलं नव्हतं. एका रात्री लॅपटॉपचं मोठं अपडेट आपणहून उतरलं, सकाळी नऊ वाजता दिवसाचा डेटा संपल्याचा मेसेज आला आणि वेग ६४ केबीपीएसवर. त्या वेगात पोर्टलचं लॉगिनचं पानसुद्धा उघडत नाही. डेटाचा वेगळा रिचार्ज मारला तेव्हा काम पुढे सरकलं.

मग केबल लावली. यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देणं, प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असतं, २०१० च्या फ्रोयो आवृत्तीपासून आहे, पण आमच्याकडे ते कोणी वापरताना मी पाहिलेलं नाही. फोनचं वाय-फाय प्रसारण बंद झाल्यामुळे फोन थंड राहिला आणि लॅपटॉपच्या वेगातली चढउतार निम्म्याने कमी झाली. एकच कटकट होती. केबल काढून परत लावली की टेदरिंग दर वेळी हाताने चालू करावं लागायचं. यासाठी रूट लागतं असं मला दोघांनी सांगितलं होतं. लागत नाही. फोनच्या सेटिंगमधल्या ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ या लपलेल्या भागात ‘डीफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन’ आहे, तिथे यूएसबी टेदरिंग निवडलं की केबल लावताच नेट सुरू होतं. काही बँकांची ॲप्स डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की कुरकुरतात, तेवढं लक्षात ठेवा. लॅपटॉप विंडोजचा किंवा लिनक्सचा असेल तर बाकी काही करावं लागत नाही. मॅकवाल्यांनी आधी खात्री करावी, कारण बऱ्याच अँड्रॉइड फोनची केबलवर बोलायची पद्धत मॅकला कळत नाही.

आता ज्या गोष्टीने खरा फरक पडला ती सांगते, आणि तिला ना रूट लागलं ना ॲप. फोन ठेवण्याची जागा. चिऱ्याची दीड फुटी भिंत रेंज अक्षरशः पिऊन टाकते. डायल पॅडवर *#*#४६३६#*#* दाबलं की बऱ्याच फोनमध्ये एक मेनू उघडतो आणि त्यात सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलचा जोर मोजायचं एकक) दिसतो. वरच्या काड्यांवर मुळीच विसंबू नका, हा आकडा बघा. तो ऋण असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. माजघरात मला −११६ दिसायचा, ओटीवर −१०५ आणि पोटमाळ्याच्या पूर्वेकडच्या खिडकीत −९४. फोन तोच, सिम तेच, आणि दुपारचा वेग माजघरात ३ ते ४ एमबीपीएस, खिडकीत २२ ते २८. एक रविवार मी फोन हातात धरून घरभर, गोठ्यात, अगदी विहिरीपर्यंत फिरले आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा वहीत लिहिला. सासूबाई म्हणाल्या, “अगं, पाण्याची जागा बघतेयस की काय?” काम तसंच होतं.

त्याच मेनूत फोनला फक्त एलटीईवर, म्हणजे ४जी वर, ठेवता येतं. आमच्याकडे ५जी ची रेंज अशी आहे की फोन तिच्यामागे धावतो, पोचत नाही आणि परत ४जी वर येतो. या ये-जा करण्यात दर काही मिनिटांनी दोन-चार सेकंद नेट जायचं. एलटीईवर बांधून टाकल्यापासून ते थांबलं. दुसरी एक गंमत कळली. घराच्या आत फोन ८५० मेगाहर्ट्‌झ धरायचा, खिडकीत गेला की २३०० धरायचा. खालची फ्रीक्वेन्सी भिंतींतून आत येते पण तिच्यावर जागा थोडी आणि माणसं पुष्कळ. वरची भिंत ओलांडत नाही पण मोकळी असते. वेगातला सगळा फरक मला वाटतं इथलाच.

पण खिडकीत स्वतःचा फोन ठेवून चालत नाही. बँकेचं सिम त्यात असल्याने ओटीपी पोटमाळ्यावर यायचा आणि मी तोंडाने आकडे घोकत जिना उतरायचे. म्हणून घरातला जुना फोन काढला, त्यात फक्त डेटासाठी वेगळं सिम घातलं आणि तो कायमचा चार्जरला लावून खिडकीत ठेवला. तीन महिने छान गेले. मग एका सकाळी त्याचं मागचं झाकण एका कडेने उचललेलं दिसलं. बॅटरी फुगली होती. दिवसरात्र १०० टक्के चार्ज आणि कौलाखालची गरमी, लिथियम बॅटरीला याहून वाईट काही नाही. फोन बंद केला, अंगणात मोकळ्या जागी ठेवला आणि तसाच दुरुस्तीवाल्याकडे दिला. ती फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, परत चार्जिंगला तर लावूच नका. रात्री झोपलेली मुलगी त्याच पोटमाळ्याच्या खाली असते, हे आठवून मला पुढचे कित्येक दिवस बरं वाटत नव्हतं.

रूट करायचं ठरवलं ते या बॅटरीपायी, नेटपायी नव्हे. नव्या काही फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय कंपनीच देते. आमच्याकडचा दुसरा जुना फोन, यजमानांचा, सहा वर्षांचा, त्यात ती नव्हती. रूट करण्याआधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप, उघडावं लागतं; त्याला कंपनीच्या नियमाने १६८ तास थांबावं लागलं. उघडताना फोन आतून पूर्ण पुसला जातो, म्हणून फोटो आधी काढून घ्या. मग फोनच्या सिस्टीमच्या त्याच आवृत्तीची बूट इमेज (फोन सुरू होताना लागणारी फाइल) मॅजिस्क या रूट करायच्या ॲपने पॅच केली आणि कॉम्प्युटरवरून फास्टबूट या साधनाने फोनवर चढवली. आवृत्ती एका आकड्याने जरी वेगळी असली तरी फोन सुरूच न होण्याची भीती असते. मी ते तीनदा ताडून पाहिलं. त्यानंतर एसीसी नावाचं चार्जिंगवर ताबा ठेवणारं मॉड्यूल टाकलं आणि चार्जिंग ७५ टक्क्यांवर थांबायला, ६५ वर परत सुरू व्हायला सांगितलं. पाच महिने झाले, झाकण सपाट आहे. ज्यांना रूट करायचं नाही त्यांनी चार्जरला साधं टायमरचं सॉकेट लावावं, दिवसातून थोडे तास चार्जिंग आणि बाकी वेळ बंद. सूक्ष्म हिशेब जमत नाही, पण बॅटरी वाचते.

हा फोन आता लॅपटॉपला नाही, राउटरला जोडलेला आहे. यूएसबीचं भोक असलेला जुना राउटर दिराकडे पडून होता. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मोफत सिस्टीम) चढवलं, यूएसबी टेदरिंगची पॅकेजं टाकली, आणि फोन हाच त्याचा मोडेम झाला. फोन खिडकीत, राउटर जिन्याच्या माथ्यावर, मध्ये दोन मीटरची केबल. राउटर घरभर वाय-फाय देतो, त्यामुळे फोनवरचा तो भार गेला. पहिल्या आठवड्यात मात्र फोनची बॅटरी राउटरला जोडलेली असूनही उतरायची. राउटरचं यूएसबी जेमतेम अर्धा ॲम्पियर देतं आणि दिवसभर डेटा ओढणारा फोन त्याहून जास्त खातो. मध्ये स्वतःचा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब घातला आणि प्रश्न मिटला. पावसाळ्यात वीज गेली की राउटर आणि हब १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर चालतात. टॉवरचीच बॅटरी संपली तर काही इलाज नाही, तेव्हा मी राजापूरला बहिणीकडे जाऊन बसते.

रूटमुळे नेटमध्ये काय फायदा झाला, असं लोक विचारतात. माझ्या बाबतीत जवळजवळ काही नाही. फोनवर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित बोगदा) लावलं तरी हॉटस्पॉटचं नेट त्यातून जात नाही, आणि ते त्यातून न्यायचं तर रूट लागतं, हे खरं आहे. पण माझ्या ऑफिसचं व्हीपीएन लॅपटॉपवरच चालतं, मला गरज पडली नाही. दुसरं म्हणजे टीटीएल. डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, जातो आणि प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. फोनमधून निघताना तो साधारण ६४, पण लॅपटॉपचं पॅकेट फोनमधून पुढे जाताना तो एकाने घटून ६३ होतो, विंडोजचा १२७. यावरून सिमच्या कंपनीला हॉटस्पॉट ओळखता येतो. रूट करून हा आकडा परत ६४ करतात. ओपनडब्ल्यूआरटीवरही तेच होतं, फोनला हात न लावता. मी दोन्ही प्रकारे मोजून पाहिलं, माझ्या सिमवर वेग तोच राहिला.

हॉटस्पॉट लपवायचा हा खटाटोप मुळात अमेरिकेकडचा. नणंदबाई न्यू जर्सीत आहेत, त्यांच्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटचा कोटा वेगळा मोजतात आणि तो संपला की लॅपटॉपचा वेग उतरतो, फोनवर मात्र सगळं नीट. तिथे टेदरिंगची ॲप्स अडवल्याच्या चौकशीत २०१२ साली व्हेरायझन वायरलेस या मोबाइल कंपनीने एफसीसीशी (तिथल्या दूरसंचार नियामकाशी) तडजोड करून साडेबारा लाख डॉलर भरले होते. तिकडे टीटीएल बदलणं हा कराराचा भंग ठरू शकतो, म्हणून त्यांना मी तो मार्ग सांगितला नाही. सांगितलं एवढंच की कोटा मोठा असलेला प्लॅन घ्या.

रोजच्या वापरातला फोन रूट करू नका, हे मी अगदी हात जोडून सांगते. यूपीआयची आणि बँकांची कित्येक ॲप्स अशा फोनवर उघडत नाहीत. आज युक्तीने उघडली तर पुढच्या अपडेटनंतर बंद पडतात. व्हिडिओ ॲप्सवर एचडी दिसेनासं होऊ शकतं, आणि फोनचं पुढचं अपडेट सरळ येत नाही. पोटमाळ्यावरच्या फोनमध्ये माझं एकही खातं नाही, ना मेल, ना बँक, फोटोसुद्धा नाही. त्याचं अपडेट केव्हाच थांबलंय, तो चोरीला गेला किंवा कोणी आत शिरलं तरी हाती एक डेटाचं सिम लागेल.

आता मे चालू आहे. दुपारी कौलांखाली फार तापतं म्हणून फोनचं रबरी कव्हर काढलंय आणि तो लाकडी फळीऐवजी पाटीच्या दगडावर ठेवलाय. काल दुपारी दोन वाजता बॅटरीचं तापमान ४१ अंश दिसलं, मागच्या आठवड्यात कव्हरसकट ४६ होतं. खिडकीला बाहेरून झापाचा आडोसा करायचा आहे, पण झापाने सिग्नल किती खाल्ला जातो ते आधी मोजेन. या महिन्याची ३बी भरून झाली की शिडी लावणार आहे.